पेरा मावशीचा, अनुदान सातबाऱ्याचं

२०२३ च्या खरिपातल्या सोयाबीन आणि कापसासाठी सरकारनं हेक्टरी ५,००० रुपये द्यायचं ठरवलं, तेही दोन हेक्टरच्या मर्यादेत. ज्यांचं पीक ०.२० हेक्टरपेक्षा कमी, म्हणजे साधारण वीस गुंठ्यांच्या आत, त्यांना सरसकट १,०००. सप्टेंबर २०२४ च्या शेवटी पैसे खात्यावर पडायला लागले. लातूर जिल्ह्याच्या औसा तालुक्यातल्या आमच्या गावात माझं सेवा केंद्र आहे. आधारची संमतीपत्रं, सामायिक खात्याची ना हरकत, केवायसी, बरंच काही माझ्या टेबलावरून गेलं.

पैसे आले ही चांगलीच गोष्ट झाली. सोयाबीनचा भाव क्विंटलला चार हजारांच्या आसपास लोळत होता आणि हमीभाव होता ४,८९२. अनुदानाच्या पैशात कुणाचं दुकानाचं देणं फिटलं, कुणाची रब्बीची पेरणी झाली.

पण मला सांगायचंय ते आमच्या गल्लीतल्या एका मावशींचं. मावशी आणि काका चार एकर ठोक्यानं, म्हणजे मालकाला ठरलेली रक्कम देऊन, करतात. मालक चिंचवडला नोकरीला. बियाणं, खत, फवारणी, काढणीची मजुरी, सगळं यांचं. ई-पीक पाहणीचा, म्हणजे मोबाइल ॲपवर पीक नोंदवायचा, फोटोसुद्धा यांच्याच पोरानं काढला, कारण तो शेतात उभं राहूनच काढावा लागतो. नोंद मात्र खातेदाराच्या नावावर. चार एकर म्हणजे १.६ हेक्टर, म्हणजे ८,००० रुपये. ते चिंचवडच्या खात्यात गेले.

मावशी केंद्रावर आल्या, "पोरी, यादीत आमचं नाव हाय का बघ की." यादीत त्यांचं नाव असणं शक्यच नव्हतं. ते त्यांना सांगताना माझ्या जिवावर आलं.

एवढ्यावर थांबत नाही. नाफेडच्या सरकारी खरेदी केंद्रावर हमीभावानं माल घालायचा तर सातबाऱ्यावर सोयाबीनचा पेरा लागतो. म्हणजे मालकाचीच कागदं, पैसेही त्याच्याच खात्यात. मग मावशींसारखे लोक आडतीवर मिळेल त्या भावाला माल घालतात. पीक विमा भरायचा तर नोंदणीकृत भाडेकरार मागतात. तो कोण करून देणार? आमच्याकडं हैदराबादच्या १९५० च्या कुळ कायद्याची धास्ती अजून आहे. कागद झाला की जमीन कुळाच्या नावावर जाईल, असं मालकांना वाटतं. म्हणून सगळा व्यवहार तोंडी. मालक लबाड असतो असं मी म्हणणार नाही. बापानं राखलेलं रान जाऊ नये एवढंच त्याला हवं असतं. पण त्या भीतीची किंमत कसणारा मोजतो.

यावर उपाय नाही असं नाही. आंध्र प्रदेशात २०१९ ला कायदा झाला : अकरा महिन्यांचा करार, मालकीला धक्का नाही, आणि कसणाऱ्याला स्वतःचं कार्ड. ओडिशाच्या कालिया या शेतकरी मदतीच्या योजनेत बटईदारही लाभार्थी धरले गेले. आणि आपल्याकडं तर जुन्या हस्तलिखित सातबाऱ्यावर, पिकांच्या बाजूला, 'जमीन करणाराचे नाव' असा रकाना होताच. ॲपमध्ये फोटो काढणाऱ्यासाठी तसा एक रकाना का असू नये? मालकाची संमती घ्या, मुदत एका हंगामाची ठेवा, मालकी हक्काशी संबंध नाही असं ठळक लिहा. हेक्टरी मदत द्यायचा हेतू पीक घेणाऱ्याचा तोटा भरून काढण्याचा असेल, तर तोटा कुणाला झाला ते आधी नोंदवलं पाहिजे.

कायदा होईपर्यंत ठोका ठरवतानाच बोलून घ्या, असं मी आता केंद्रावर येणाऱ्या प्रत्येकाला सांगते. अनुदान आलं तर कुणाचं, विमा आला तर कुणाचा, दोन माणसांसमोर ठरवा. मावशींच्या मालकाला मीच फोन लावून दिला. त्यांनी ऐकून घेतलं आणि निम्मी रक्कम पुढच्या ठोक्यातून कापायला तयार झाले. मावशींचं म्हणणं आहे की सगळी कापायला हवी होती, आणि मलाही तसंच वाटतं.