दोन मापांच्या स्क्रीन जुळवताना

माझा २४ इंची फुल एचडी मॉनिटर अजून छान चालतो, त्यामुळे २७ इंची फोर-के (फुल एचडीच्या चौपट पिक्सेलचा) घेतल्यावरही त्याला अडगळीत टाकवेना. दोन्ही शेजारी शेजारी लावले. पहिल्याच संध्याकाळी डोळे चुरचुरायला लागले.

आधी माउस. नव्या स्क्रीनवर तो अडखळत सरकायचा. सेटिंगमध्ये पाहिलं तर रिफ्रेश रेट, म्हणजे चित्र सेकंदाला किती वेळा नव्याने काढलं जातं तो आकडा, ३० हर्ट्झ! कॉम्प्युटरचं एचडीएमआय पोर्ट १.४ या जुन्या आवृत्तीचं, त्यातून फोर-के याहून वेगाने जातच नाही. डिस्प्लेपोर्टची केबल लावली, ६० मिळाले.

खरा त्रास अक्षरांचा होता. विंडो इकडून तिकडे ओढली की मजकूर लहानमोठा व्हायचा. नव्यावर स्केलिंग, म्हणजे अक्षरं मोठी करून दाखवण्याचं प्रमाण, १५० टक्के होतं. शेवटी कागद-पेन घेऊन बसले. जुन्यावर एका इंचात साधारण ९२ पिक्सेल, नव्यावर १६३. भागाकार पावणेदोनच्या जवळ. म्हणजे जुन्यावर १०० आणि नव्यावर १७५ टक्के ठेवलं तर अक्षरं सारखी दिसायला हवीत. तसं केलं आणि पट्टी लावून दोन्हीकडची एकच ओळ मोजली. जुळली! त्या क्षणी फार बरं वाटलं. नव्या स्क्रीनवर मजकूर थोडा कमी मावतो, पण मला तो सौदा मान्य आहे.

माउस मात्र मधल्या कडेवर अजून अडत होता. विंडोजच्या मांडणीत स्क्रीनचं माप पिक्सेलनी धरतात, इंचांनी नाही. त्यामुळे टेबलावर जवळपास सारखे उंच दिसणारे मॉनिटर तिथे २१६० आणि १०८० पिक्सेल उंच होतात, आणि नव्याच्या अर्ध्या कडेपलीकडे काहीच नसतं. मी त्या मांडणीतले दोन्ही स्क्रीनचे चौकोन खालच्या रेषेत आणले, कारण माझा हात बहुतेक वेळ खालच्या भागातच फिरतो. विंडोज ११ मध्ये अशा कडेवरून माउस सहज जाऊ देणारी सोयही आहे, ती चालू केली.

रंगांनी सगळ्यात जास्त वेळ खाल्ला. जुन्याचा पांढरा पिवळसर, नव्याचा निळसर. जुन्याचा उजेड वाढवायला जागाच नव्हती, म्हणून नव्याचा उतरवला. दोन्हीकडे कोरं पान उघडलं, पांढऱ्याची छटा ठरवणाऱ्या सेटिंगमध्ये ६५०० केल्विन निवडलं आणि नव्याचा निळा थोडा थोडा कमी करत गेले. समोरून आता फरक जाणवत नाही. तिरकं पाहिलं की जुन्याचे रंग अजून बदलतात, म्हणून फोटोंचं काम नव्यावरच करते आणि ईमेल जुन्यावर ठेवते.