थंड इंजिनाची पारख

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आधीच्या आठवड्यात चोपडा तालुक्यातील एका केळी उत्पादक शेतकऱ्याचा मला फोन आला. आमचा जुना स्नेह असून मी त्यांना आबा म्हणतो. त्यांच्या वडिलांनी १९७२ साली घेतलेली महिंद्राची सीजे-३बी जीप मळ्यातल्या पत्र्याच्या शेडमध्ये उभी आहे. तिचे पेट्रोल इंजिन काढून डिझेल इंजिन बसवावे, असे त्यांच्या मुलाच्या मनात होते, पण आबांचा जीव त्याला धजत नव्हता. "इंजिन खरोखर संपले असेल तर मी काही बोलणार नाही, पण आधी तुम्ही पाहून सांगा," एवढेच त्यांचे म्हणणे होते. मी येण्याचे कबूल केले आणि एकच विनंती केली, ती म्हणजे मी पोहोचेपर्यंत इंजिन चालू करू नये.

जळगावहून सकाळी निघून मी मळ्यात पोहोचलो आणि बॉनेटवर हात ठेवला, तर ते तापलेले होते. पाहुण्यांसमोर गाडी एका फटक्यात चालू व्हावी म्हणून मुलाने ती अर्धा तास चालवून ठेवली होती. त्यामागचा भाव प्रेमाचाच होता, परंतु तापलेले इंजिन आपले निम्मे दोष झाकून घेते. धातू प्रसरण पावल्यामुळे पिस्टन आणि बोअर (पिस्टन ज्यात वर-खाली होतो ती सिलिंडरची पोकळी) यांच्यातील फट कमी होते, रात्रभरात व्हॉल्व्ह गाईडमधून (व्हॉल्व्हचा दांडा ज्यात सरकतो ती नळी) झिरपलेले तेल जळून गेलेले असते, आणि थंड अवस्थेत चोकशिवाय चालू न होणारे इंजिनही गरम असताना सहज सुरू होते. म्हणून त्या दिवशी मी इंजिनाला हात लावला नाही आणि मुक्काम केला.

दुपारचा वेळ मात्र वाया गेला नाही, कारण इंजिनाची पारख त्याच्या ओळखीपासून सुरू होते. ब्लॉकवरचा इंजिन नंबर आणि आरसी बुकातला नंबर आम्ही ताडून पाहिला आणि तो जुळला. "बठ्ठं ओरिजनल शे, भाऊ," म्हणजे सगळे ओरिजनल आहे, असे आबा समाधानाने म्हणाले. हे इंजिन म्हणजे विलीजचे हरिकेन, चार सिलिंडरचे, १३४ घनइंच म्हणजे सुमारे २.२ लिटर क्षमतेचे. दुसऱ्या महायुद्धातील जीपमध्ये याच क्षमतेचे जे ६० अश्वशक्तीचे इंजिन होते, त्यात इनलेट (पेट्रोल-हवेचे मिश्रण आत घेणारे) आणि एक्झॉस्ट (जळलेला वायू बाहेर सोडणारे) हे दोन्ही व्हॉल्व्ह ब्लॉकमध्येच बसवलेले होते. हरिकेनमध्ये इनलेट व्हॉल्व्ह वर हेडमध्ये, म्हणजे ब्लॉकवर बसणाऱ्या भागात, नेले आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह खाली ब्लॉकमध्येच ठेवले. त्यामुळे शक्ती ७० अश्वशक्तीच्या वर गेली, पण इंजिनाची उंची वाढली, आणि ते झाकण्यासाठी १९५३ साली आलेल्या सीजे-३बीचे बॉनेट उंच करावे लागले. अमेरिकेत हे मॉडेल १९६८ मध्ये थांबले, पण आपल्याकडे महिंद्राने ते त्यानंतरही बरीच वर्षे बनवले. व्हॉल्व्हची ही विभागणी मी मुद्दाम विस्ताराने सांगतो आहे, कारण या जीपच्या दुखण्याचे मूळ अखेर तिथेच सापडले.

दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला, मळ्यात अजून गारवा असताना, आम्ही कामाला लागलो. प्रथम डिपस्टिक काढून तेल बोटांत चोळून पाहिले. विकायच्या गाडीत पुष्कळदा बेरिंगचा आवाज दबावा आणि प्रेशर वाढलेले दिसावे म्हणून मुद्दाम जाड तेल ओतलेले असते. येथे तसे काही नव्हते. तेल काळे होते, पण त्यात पाण्याचा पांढुरका फेस किंवा धातूची चमक नव्हती. त्यानंतर ब्लॉकचा ड्रेन कॉक उघडला, तेव्हा आधी काहीच आले नाही, आणि तारेने टोचल्यावर तांबूस गाळ आला. आमच्या भागात बोअरवेलचे पाणी जड असते आणि लोक तेच वर्षानुवर्षे रेडिएटरमध्ये भरतात, त्यामुळे ब्लॉकच्या आत क्षार साचून इंजिन तापू लागते. मग रेडिएटर बदलला जातो आणि इंजिन मात्र तापतच राहते. तो गाळ आम्ही एका बादलीत धरून बाजूला ठेवला.

पुढची परीक्षा मला सर्वांत प्रिय आहे आणि तिला कोणतेही उपकरण लागत नाही. इग्निशन बंद करून, गिअर न्यूट्रलमध्ये ठेवून, पुढच्या बंपरमधून हँडल घालून इंजिन सावकाश फिरवायचे. फिरवताना अंगठा बोटांच्या बाजूलाच ठेवावा, कारण उलटा झटका बसला तर हँडलभोवती वळवलेला अंगठा मोडतो. चार सिलिंडरच्या इंजिनात हँडलच्या प्रत्येक अर्ध्या फेऱ्यात एका सिलिंडरचे कॉम्प्रेशन हाताला लागते, म्हणजे दोन पूर्ण फेऱ्यांत चारही सिलिंडर आपापली ओळख देऊन जातात. निरोगी सिलिंडर हाताला रेटून धरतो आणि क्षणभर सोडत नाही. येथे तीन जागी तसा रेटा लागला आणि चौथ्या जागी हँडल जणू लोण्यातून गेले. फायरिंगचा क्रम १-३-४-२ असल्यामुळे, पहिल्या सिलिंडरचा प्लग काढून त्याचे कॉम्प्रेशन ओळखले आणि तेथून मोजत गेलो, तेव्हा दुर्बळ सिलिंडर तिसरा असल्याचे कळले.

मग चोक ओढून इंजिन चालू केले. पहिल्या क्षणी निळसर धुराचा एक लहानसा झोत आला आणि लगेच विरला, याचा अर्थ गाईडमधून थोडे तेल उतरते आहे. पिस्टनच्या रिंगा संपलेल्या असत्या तर वेग वाढवल्यावर निळा धूर येतच राहिला असता. तेल भरण्याच्या नळीचे झाकण काढून पाहिले, तर फुसफूस नव्हती. बॅक कॉम्प्रेशन मारणाऱ्या, म्हणजे रिंगांमधून वायू खाली गळणाऱ्या, इंजिनात तेथून धूर भसाभसा बाहेर पडतो. डॅशबोर्डवरच्या मीटरवर मी विश्वास ठेवत नाही, म्हणून ऑइल प्रेशरचा वेगळा गेज जोडला. इंजिन पूर्ण तापल्यावर आयडलिंगला १२ आणि वेग वाढवल्यावर ३४ पीएसआय (दर चौरस इंचावर पौंड) प्रेशर मिळाले, आणि या इंजिनासाठी ते समाधानकारक आहे. क्रँकशाफ्टला तीनच मेन बेरिंग असल्याने मी तेथे कान देऊन ऐकले, पण जोर देताना खोल ठोका आला नाही. एकेक प्लगची वायर काढून पाहिली, तेव्हा तिसऱ्याची वायर काढल्याने आवाजात फारसा फरक पडला नाही. तो सिलिंडर काम जवळजवळ करतच नव्हता.

कॉम्प्रेशन मोजताना इंजिन गरम असावे, चारही प्लग काढलेले असावेत, थ्रॉटल पूर्ण उघडा धरावा आणि बॅटरी चांगली असावी. यातील एक गोष्ट चुकली तरी आकडे फसवतात. या इंजिनाला साधारण १२० पीएसआय अपेक्षित असते. येथे अनुक्रमे ११२, ११५, ६८ आणि १०८ मिळाले. मुलगा म्हणाला, "पाहा काका, इंजिन गेलेच ना?" त्याचा निष्कर्ष चुकीचा असला तरी अस्वाभाविक नव्हता, कारण ६८ हा आकडा पाहून बहुतेक ठिकाणी थेट बोअर आणि पिस्टनचे काम सांगितले जाते. परंतु कॉम्प्रेशन किती आहे यापेक्षा ते कोठून गळते आहे, हे शोधणे अधिक महत्त्वाचे असते. मी तिसऱ्या सिलिंडरमध्ये चमचाभर तेल घालून पुन्हा मोजले. रिंगांमधून गळती असेल, तर तेलाने फट भरून आकडा बराच वर जातो. येथे तो ७२ वर थांबला, म्हणजे दोष रिंगांचा नव्हता. शेजारचे दोन्ही सिलिंडर ठीक असल्यामुळे दोन सिलिंडरांमधल्या भिंतीवर हेड गॅसकेट फुटल्याचीही शंका उरली नाही. प्लग परत बसवून मी हँडल नेमके तिसऱ्याच्या कॉम्प्रेशनवर दाबून धरले आणि मुलाला सायलेन्सरच्या टोकाशी कान लावायला सांगितले. त्याला तेथे बारीक सुस्कारा स्पष्ट ऐकू आला. गळती एक्झॉस्ट व्हॉल्व्हमधून होत होती.

इंजिन थंड होईपर्यंत थांबून, संध्याकाळी ब्लॉकच्या बाजूचे झाकण काढले. एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या (जळलेला वायू गोळा करणाऱ्या नळीच्या) खाली हात घालून ते काढणे जिकिरीचे असते, आणि त्यामुळेच तेथे सहसा कोणी जात नाही. टॅपेट (व्हॉल्व्ह ढकलणारे भाग) सेट करायला दिलेल्या जीपचे वरचे झाकण उघडून चार इनलेट सेट केले जातात आणि खालचे चार तसेच राहतात, हे मी अनेक गाड्यांमध्ये पाहिले आहे. थंड अवस्थेत इनलेटला १८ थाऊ आणि एक्झॉस्टला १६ थाऊ फट हवी; थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. येथे वरचे चारही बिनचूक होते. खाली तीन ठिकाणी १० ते १२ थाऊ मिळाले आणि तिसऱ्याच्या एक्झॉस्टमध्ये फट मोजण्याचे सर्वांत पातळ पातेही शिरेना. तेथे फटच उरली नव्हती, म्हणजे व्हॉल्व्ह कधीच पूर्ण बंद होत नव्हता.

असे का होते, हे आबांना मी कागदावर आकृती काढून दाखवले. पूर्वीच्या पेट्रोलमधील शिसे व्हॉल्व्हच्या सीटवर, म्हणजे तो बंद होताना टेकतो त्या कडेवर, पातळ थर धरून तिची झीज रोखत असे. १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेविरहित पेट्रोल आले आणि जुन्या इंजिनांच्या सीटचे ते संरक्षण गेले. सीट झिजली की व्हॉल्व्ह खाली बसत जातो, आणि या इंजिनात एक्झॉस्ट व्हॉल्व्हचा दांडा खालच्या बाजूला टॅपेटवर येत असल्याने तेवढीच फट कमी होते. म्हणजे येथे झीज वाढते तसा आवाज वाढत नाही, उलट इंजिन शांत होत जाते, आणि मालकाला वाटते की सारे उत्तम आहे. आम्ही चारही एक्झॉस्टची फट १६ थाऊ केली. इंजिन तापवून पुन्हा मोजले, तेव्हा तिसऱ्याचा आकडा १०१ आला. व्हॉल्व्हची कड जळालेली असती, तर फट दुरुस्त करूनही एवढी वाढ मिळाली नसती.

तिसऱ्या दिवशी भर दुपारी, पारा ४४ अंशांवर असताना, आम्ही जीप सातपुड्याच्या पायथ्यापर्यंत नेली. चढणीवर ती जोरात गेली, पण परतताना एका निंबाखाली पाच मिनिटे थांबवल्यावर पुन्हा चालू होईना. या त्रासाला कंटाळूनच मुलाने डिझेलचा विचार केला होता. पेट्रोल पंप आणि त्याची नळी तापलेल्या मॅनिफोल्डच्या बाजूलाच असल्याने पेट्रोलची नळीतच वाफ होते. पंपावर ओले फडके टाकले आणि थोड्या वेळाने इंजिन सुरू झाले. नळी मॅनिफोल्डपासून दूर वळवून मध्ये पत्र्याचा आडोसा केल्यास हा त्रास बराच कमी होईल. सध्याच्या इथेनॉलमिश्रित पेट्रोलने जुने रबर फुगते, म्हणून पंपाचा डायफ्रॅम आणि सगळ्या रबरी नळ्याही त्याच वेळी बदलण्यास मी सांगितले.

पेट्रोलचा खर्च जास्त आहे, हे मुलाचे म्हणणे मला मान्य आहे. पण ही जीप आता रोजच्या कामाची नाही. शिवाय २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपातील वाहनाची व्हिंटेज म्हणून नोंदणी होऊ शकते, आणि चॅसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल केलेल्या गाडीला तो मार्ग बंद होतो. हे मी मुलाला नियम वाचून दाखवून सांगितले. त्याने तो दोनदा वाचला आणि डिझेल इंजिनासाठी दिलेला शब्द परत घेण्यासाठी भुसावळला फोन लावला.

मृगबागेची, म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीच्या केळीची, लागवड आटोपल्यावर हेड उतरवून व्हॉल्व्ह आणि सीट यांचे ग्राइंडिंग करायचे ठरले आहे. त्यासाठी ब्लॉक गाडीतून काढावा लागत नाही. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आणि बोअर यांच्या मधल्या भागात ब्लॉकला बारीक चीर तर नाही, एवढे तेव्हा पाहायचे आहे. तोवर दर महिन्याला खालचे झाकण काढून तिसऱ्याची फट मोजायची आणि शेडच्या खांबावर खडूने लिहून ठेवायची, हे काम आबांनी स्वतःकडे घेतले आहे.