तुम्ही विचारलंत म्हणून: एवढे गेम खेळणार कधी?

माझ्या संगणकावरची न खेळलेल्या गेमची लांबलचक यादी ज्याच्या नजरेस पडते, तो हाच प्रश्न विचारतो. स्पष्टच सांगायचे तर सगळे मी कधीच खेळणार नाही. जे खेळेन, त्यांचा क्रम मात्र खरेदीची तारीख, किंमत किंवा कोणाची शिफारस यांवर ठरत नाही. गेम मध्येच सोडून उठता येतो का आणि पंधरा दिवसांनी पुन्हा धरता येतो का, एवढेच मी पाहतो.

यादी वाढण्याची कारणे फारशी गूढ नाहीत. स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानात २०१५ पासून रुपयांत किमती दिसू लागल्या आणि उन्हाळी व हिवाळी सवलतींत हात आखडता घेणे अवघड झाले. पुढे एपिक कंपनीचे असेच ऑनलाइन दुकान डिसेंबर २०१८ मध्ये सुरू झाल्यावर फुकट मिळणाऱ्या गेमचीही भर पडत गेली. स्टीमवर पैसे परत मिळण्याची मुदत खरेदीपासून चौदा दिवसांची आणि तीही दोन तासांपेक्षा कमी खेळले असेल तरच. त्यामुळे सवलतीत घेऊन बाजूला ठेवलेला गेम नावडता निघाला, तरी तोपर्यंत तो कायमचा आपला झालेला असतो.

खरी अडचण वेळेची आहे आणि तीही एकूण तासांची नव्हे, तर सलग तासांची. हिंजवडीहून कोथरूडला पोहोचेपर्यंत रात्र झालेली असते, जेवणानंतर जेमतेम तासभर हाती लागतो आणि त्यातही दाराची घंटा वाजते किंवा पावसाळ्यात वीज जाते. अशा वेळी गेम प्रगती कुठे आणि कशी साठवतो, हे त्याच्या कथेपेक्षा महत्त्वाचे ठरते. ‘हॉलो नाइट’मध्ये मध्येच बाहेर पडलो, तर पुढच्या वेळी आपण, जिथे बसल्यावर प्रगती साठवली जाते अशा, शेवटच्या बाकापाशी असतो आणि तिथून केलेली वाटचाल पुन्हा करावी लागते. उलट कठीण म्हणून दबदबा असलेल्या ‘डार्क सोल्स’मध्ये खेळ क्षणभर थांबवून ठेवण्याची (‘पॉज’ करण्याची) सोयच नाही, पण मेन्यूतून रीतसर बाहेर पडले की परतल्यावर आपण बहुधा होतो तिथेच असतो. म्हणून मोठ्या लढाया वगळता माझ्यासारख्या संसारी माणसाला दुसरा गेम पहिल्यापेक्षा सोयीचा पडतो, हे सांगितले की लोक हसतात.

संगणकाने प्रगती साठवली, तरी ती आपल्या डोक्यात साठलेली असतेच असे नाही. ‘द विचर ३’ हा पन्नास तासांहून सहज लांबणारा गेम मी बिनधास्त तुकड्यातुकड्याने खेळतो, कारण साठवलेला खेळ उघडताना आतापर्यंतची कथा निवेदकाच्या आवाजात थोडक्यात ऐकवली जाते. याउलट ‘रिटर्न ऑफ द ओब्रा डिन’ त्याहून कितीतरी लहान आहे. त्यात एका जहाजावरच्या साठ जणांचे काय झाले, हे चेहरे, पोशाख आणि बोलीवरून ताडायचे असते. नोंदवही हाताशी असते खरी, पण कोण कोणाशेजारी उभा होता आणि आपल्याला कोणावर संशय होता, हे दोन आठवड्यांनी आठवत नाही, आणि तर्काचा धागा तुटला की गेमची सगळी गंमतच जाते. लहान गेम आधी उरकावेत, हा सर्वत्र दिला जाणारा सल्ला म्हणूनच मला अर्धवट वाटतो.

अर्थात कधीकधी तो सल्ला लागूही पडतो. आपल्या पुण्यातल्याच नॉडिंग हेड्स गेम्सने केलेला, २०२० मध्ये आलेला ‘राजी’ एका शनिवार-रविवारात आरामात संपतो, आणि भावाच्या शोधात निघालेल्या मुलीची त्यातली सरळ गोष्ट मध्ये जेवणखाण झाले म्हणून विसरत नाही. कोणताही गेम दोन बैठकींनंतर ओढत न्यावा लागला, तर मी तो यादीतून लपवतो. पैसे वसूल व्हावेत म्हणून तो पुढे रेटणे मला पटत नाही, कारण पैसे गेलेलेच असतात आणि जाणारी गोष्ट असते ती संध्याकाळ. इतरांबरोबर ऑनलाइन खेळायचे गेम तर मी घेतच नाही. कुकरच्या तिसऱ्या शिट्टीला उठून जाणारा सोबती कोणत्याही चमूला नको असतो.

तेव्हा सध्या रात्री ‘विचर’ चालू आहे, आणि ‘ओब्रा डिन’ दिवाळीच्या सुट्टीसाठी राखून ठेवला आहे. तो मी भाऊबीज उरकल्यावर, सलग दोन दिवस मोकळे मिळाले तरच उघडणार आहे. तेवढ्यात हिवाळी सवलत येईल आणि मी त्यातही काहीतरी घेईन.