तुम्ही विचारलंत म्हणून: आवाजाने तेल निघतं का?

तेलविहिरींसाठी अल्ट्रासॉनिक लहरींवर काम करते म्हटलं, की पुढचा प्रश्न ठरलेला: "म्हणजे आवाज सोडून तेल वर काढता?" तेल नाही काढत. त्याची वाट मोकळी करतो.

सराफाकडे मंगळसूत्र धुवायला दिलं असेल, तर हे तुम्ही पाहिलंय. स्टीलची छोटी टाकी, त्यात पाणी, बारीकशी गुणगुण. बघता बघता वाट्यांच्या कडांतून, मण्यांच्या भोकांतून मळ काळ्या धुरासारखा पाण्यात उतरतो. सेकंदाला 20 हजारांहून जास्त कंपनं होतात, पाण्यात सूक्ष्म बुडबुडे उठून फुटतात आणि त्या धक्क्यांनी ब्रशलाही न निघणारा मळ सुटतो.

विहिरीच्या तळाशीही मळ साचतो. मेण, डांबरासारखं अ‍ॅस्फाल्टीन, मातीचे कण, खोदताना खडकात शिरलेला चिखल. पश्चिम सायबेरियात अल्ट्रासॉनिक उपकरणं केबलवरून अशा विहिरींत सोडली गेली आहेत.

या लहरी खडकात लवकर विरतात. साधारण काही सेंटिमीटर, फार तर मीटरभर. "एवढ्याने काय होणार?" हा दुसरा ठरलेला प्रश्न. खूप होतं! चारी बाजूंनी येणारं तेल विहिरीपाशी एकवटतं, जत्रेतली गर्दी देवळाच्या दारातच तुंबते तसं. विहिरीची त्रिज्या 10 सेंटिमीटर असेल आणि तेल 100 मीटरवरून येत असेल, तर खडक सगळीकडे सारखा धरूनही एकूण दाबाचा तिसरा हिस्सा शेवटच्या मीटरभरातच खर्ची पडतो. तिथे मळ बसला की विहिरीचा गळाच आवळला जातो.

दूरच्या खडकात अडकलेलं तेल मात्र या लहरींनी हलत नाही. तिथवर पोचतात त्या भूकंपासारख्या संथ लहरी. कॅलिफोर्नियात 1952च्या कर्न काउंटी भूकंपानंतर काही विहिरींचं उत्पादन वाढल्याची नोंद आहे. पण तो वेगळा विषय, आणि दोन्हींची सरमिसळ करून मोठमोठे आकडे सांगितले जातात, त्याचा मला मनापासून राग येतो.

म्हणून कुणी विहीर सुचवली की मी आधी शेजारच्या विहिरींची वही मागते. त्या नीट चालू असताना हीच एक घसरली असेल, तर गळा साफ करून पाहण्यात अर्थ आहे. सगळ्याच एकदम घसरल्या असतील, तर खालचा दाबच संपत आलाय. तेव्हा माझं उपकरण गाडीतून उतरवूही नका.