एका खोलीतल्या चार इयत्ता

सत्तरी तालुक्यातल्या एका सरकारी मराठी प्राथमिक शाळेत माझी बदली झाली, तेव्हा पटावर सतरा मुलं होती. पहिलीत पाच, दुसरीत तीन, तिसरीत सहा आणि चौथीत तीन. खोली एक आणि शिकवणारी मी एकटी. गोवा मुक्त झाल्यावर, भाऊसाहेब बांदोडकरांचं सरकार १९६३ साली आलं तसं खेडोपाडी मराठी शाळा उघडत गेल्या. कुठे देवळाच्या मंडपात, कुठे कुणाच्या पडवीत. आता तीच गावं वाळपई-होंड्याच्या शाळांकडे बघतात, सकाळी दारात वाहन येतं आणि आमचा पट आटतो. पण पट आटला म्हणून इयत्ता कमी होत नाहीत. सतरा मुलं म्हणजे हलकं काम, असं मला पुष्कळांनी सांगितलं. चार वेगवेगळी पुस्तकं एकाच वेळी उघडून बसल्यावर त्यातलं वजन कळतं.

पहिले काही आठवडे मी शिकवत होतेच, पण जोडीला एक वही ठेवली. वर्गात गलका कधी होतो, तेवढंच तिच्यात लिहायचं. कोण करतं ते नाही, कधी होतो ते. वही वाचायला बसले तेव्हा नावं गळून पडली आणि वेळा राहिल्या. प्रार्थना संपून पहिलं काम हातात येईपर्यंतचा वेळ. मी तिसरीला भागाकार समजावत असताना दुसरीचं काम संपतं तो वेळ. भाजी-पाव खाऊन मुलं आत येतात तो वेळ. बाकी दिवसभर हीच मुलं शांत असत, ज्यांना गावात ‘आगाऊ’ म्हणतात तीसुद्धा.

जेकब कुनिन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाचं १९७० साली प्रसिद्ध झालेलं काम मला तेव्हा नीट समजलं. त्यानं वर्गांच्या चित्रफिती तपासल्या. गडबड झाल्यावर शिक्षक काय करतात, यात चांगल्या वर्गाचं आणि विस्कटलेल्या वर्गाचं फारसं वेगळं निघालं नाही. फरक होता तो गडबडीच्या आधी. चांगल्या शिक्षकाची नजर सगळ्या वर्गावर असते, एकाकडे बघताना दुसऱ्याचंही त्याला दिसतं, आणि एका कामातून दुसऱ्या कामात जाताना मध्ये भगदाड पडत नाही. माझ्या वहीतली तिन्ही भगदाडं तशीच होती.

मग बाकं हलवली. सगळी फळ्याकडे तोंड करून होती, आणि एका फळ्यावर चार इयत्तांचं काही मावत नाही. पहिलीला खिडकीजवळ चटई दिली, कारण पावसाळ्यात वीज गेली की आमच्या खोलीत उजेड तिथेच असतो. तिसरी-चौथीची बाकं समोरासमोर लावली. पहिली-दुसरीचा एक गट आणि तिसरी-चौथीचा दुसरा, असं मराठी आणि परिसर अभ्यासासाठी चालतं. गणिताला मात्र चारही इयत्ता वेगळ्या लागतात, तिथे सवलत नाही. मी कुठे उभी राहिले तर चारही कोपरे दिसतात, ती जागा शोधली. मधल्या खांबापाशी ती सापडली. माझी खुर्ची तेव्हापासून कोपऱ्यात आहे.

वेळापत्रक विषयांऐवजी कामांवर बेतलं. एका वेळी एक गट ‘बाईंबरोबर’, एक ‘जोडीनं’, एक ‘आपापलं’ आणि एक वाचनकोपऱ्यात. साधारण वीस-पंचवीस मिनिटांनी गट फिरतात. नवीन काही शिकवायचं ते फक्त ‘बाईंबरोबर’. जोडीनं करायचं काम आधी शिकवलेल्याचंच असतं, कारण न समजलेलं काम हातात देऊन मूल गप्प बसेल ही अपेक्षा अन्यायाची आहे. पहिलीसाठी चिंचोके आणि माडाच्या हिरांच्या जुड्या आहेत. दहा हिरांची एक जुडी आणि सुटे हीर वेगळे. तेवीस म्हणजे दोन जुड्या आणि तीन हीर, हे त्यांच्या बोटांना कळतं तेव्हा मला तिथे उभं राहावं लागत नाही.

सगळ्यात जास्त उपयोग झाला तो एका लहानशा फळीचा. तिच्यावर लिहिलं, ‘झाल्यावर काय?’ खाली प्रत्येक गटासाठी दोन कामं, पहिलीसाठी चित्रांत. पूर्वी दर दोन मिनिटांनी कुणीतरी पदर ओढायचं, “बाई, म्हजें जालें. आतां कितें करूं?” मूल काम संपवून प्रामाणिकपणे विचारतंय आणि मी दुसऱ्याच्या भागाकारात अडकलेली. उत्तर मिळेपर्यंत ते शेजाऱ्याला ढोसणारच. फळी लावली आणि तो प्रश्न विचारायला मुलं तिच्याकडे जाऊ लागली.

पावसाचं वेगळं सांगावं लागेल. सत्तरीतला जुलै ज्यांनी कौलांखाली काढलाय त्यांना ठाऊक आहे, सर आली की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. आवाज चढवून शिकवलं तर आठवडाभरात घसा जातो आणि मुलांचे आवाजही चढतात. म्हणून खुणा ठरवल्या. मी खांबापाशी हात वर केला की ज्याला दिसेल त्यानं आपला हात वर करायचा, ज्यांना दिसला नाही त्यांना शेजारचा दिसतो. कोरड्या दिवसांत घुमटाचा, म्हणजे आमच्याकडच्या मातीच्या चर्मवाद्याचा, ठेका. मी टाळ्यांनी अर्धा वाजवते, उरलेला मुलं पुरा करतात. चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, आरत्यांना घरोघरी घुमट वाजतं, ती लय शिकवावी लागली नाही. ठेका पुरा करताना हात मोकळे करावे लागतात, म्हणजे पेन्सिली आपोआप खाली राहतात. हे मला फार आवडतं.

भाषेचा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. आमच्या मुलांच्या घरी कोंकणी बोलतात, आणि शाळेत पुस्तक मराठी. मोठ्यांना दोन्ही इतक्या जवळच्या वाटतात की पहिलीतल्या मुलाला मधली पायरी लागते हे लक्षातच येत नाही. मेरी बड रो या संशोधिकेनं १९७०च्या दशकात दाखवून दिलं होतं, की प्रश्न विचारल्यावर शिक्षक साधारण सेकंदभरच थांबतात, आणि तीन सेकंद थांबलं तर उत्तरं लांब होतात, एरवी गप्प असणारी मुलंही बोलतात. आमच्याकडे ते तीन सेकंद दुप्पट मोलाचे आहेत. मूल उत्तर शोधतं आणि मग ते मराठीत आणतं. मी पहिलं उत्तर कोंकणीतच घेते, मान डोलावते आणि तेच वाक्य सगळ्यांनी मिळून मराठीत म्हणतो. “म्हाका येना” म्हणून मान खाली घालणारी एक मुलगी अशाच थांबण्यातून बोलती झाली. ज्या मुलांची चुळबुळ मला सर्वांत जास्त दिसायची, त्यांतल्या बऱ्याच जणांना सूचनाच कळलेली नसायची.

धनगरवाड्यावरून येणारा तिसरीतला एक मुलगा रोज उशिरा पोचायचा. रानातून चालत यायचं आणि त्याआधी गुरं सोडायची. तो दारात आला की सगळा वर्ग वळून बघायचा, आणि तो भिंतीला चिकटून उभा राहायचा. त्याच्यासाठी आम्ही ‘उशिराची वाट’ ठरवली. कुणी काही विचारायचं नाही. छत्री बाहेर, हजेरीच्या तक्त्यावर आपल्या नावाची पट्टी आपण फिरवायची, वाचनकोपऱ्यातून पुस्तक घ्यायचं आणि पुढचा गट फिरला की सामील व्हायचं. ताराबाई मोडकांनी कोसबाड परिसरात गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा चालवल्या, शाळाच मुलांच्या कुरणावर नेली. त्यापुढे माझी ही वाट फार लहान आहे, पण धीर मला तिथूनच मिळाला.

नियम मुलांनीच सांगितले आणि मी लिहिले. चारच ठेवले. पालकांची सभा त्याहून अवघड गेली. एका आजोबांनी सरळ सांगितलं, “बाई, मारा त्याला, आम्ही काही म्हणणार नाही.” ते प्रेमानंच बोलत होते, त्यांच्या काळी शिकणं आणि मार एकत्रच होते. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम १७ शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना मनाई करतं, हे मी सांगितलं. पण कायदा सांगून कुणाचं मन वळत नाही. म्हणून त्यांना दुसऱ्या दिवशी वर्गात बसायला बोलावलं. नातू तासभर जोडीदाराबरोबर गणितं सोडवताना त्यांनी पाहिला. जाताना इतकंच म्हणाले, “घरी हा एवढा वेळ बसत नाही.” पुढच्या सभेत माराचा विषय दुसऱ्या कुणी काढला, तेव्हा उत्तर त्यांनी दिलं.

जेवणानंतरचं भगदाड गोष्टीनं बुजलं. बचत गटाच्या बायका भाजी-पाव आणतात, मुलं हात धुऊन आत येतात आणि मी आधीच वाचायला सुरुवात केलेली असते. सगळे येईपर्यंत थांबत नाही. उशीर केला तर गोष्टीचा तुकडा चुकतो, म्हणून नळावरची ढकलाढकलीही आटोपशीर झाली.

काजूच्या दिवसांत मुलं आईबापांबरोबर बागायतीत जातात, चवथीला आठवडाभर मामाच्या गावी राहतात. परत आलेल्या मुलाला कुठून सुरू करायचं हे कळलं नाही की त्याचा सगळा दिवस वाहून जातो. म्हणून प्रत्येकाच्या नावाची एक पिशवी भिंतीला लावली. पुढचं कार्ड त्यात असतं. ते काढायचं आणि बसायचं.

ही सगळी घडी बसायला दिवाळीची सुट्टी उजाडली. मी पर्वरीला प्रशिक्षणाला गेले तेव्हा बदली आलेल्या शिक्षिकेला चौथीच्या मुलींनी फळी, खुणा, पिशव्या सगळं समजावून दिलं. भागशिक्षणाधिकारी तपासणीला आले, तेव्हा वर्गात बोलण्याचा आवाज होता. त्यांनी तिसरीच्या एका मुलाला विचारलं, काय चाललंय. त्यानं सांगितलं, वजाबाकी, जोडीदाराची तपासतोय, मग वाचनकोपरा.

दोन गोष्टी अजून बसलेल्या नाहीत. पहिली म्हणजे जूनमधला पहिलीचा वर्ग. आधी शाळेचं तोंड न पाहिलेली पाच-सहा वर्षांची मुलं गट फिरवण्याइतकी स्वतंत्र व्हायला वेळ लागतो, तोवर माझा निम्मा जीव त्या चटईवर असतो. यंदा चौथीतल्या एकेका मुलाला पहिल्या महिन्यापुरतं पहिलीतल्या एकेका मुलाशी जोडून बघते आहे, मात्र फक्त सकाळच्या पहिल्या फेरीत, नाहीतर चौथीचा अभ्यास बुडतो. दुसरी गोष्ट चौथीच्या गणिताची. वीस मिनिटांत अपूर्णांक पुरे होत नाहीत. शनिवारी बाकीच्यांना चित्रकलेला बसवून त्या तिघांना मी सलग पाऊण तास देते. सध्या छेद आणि अंश भाकरीचे तुकडे करून चालले आहेत, पुढच्या आठवड्यात संख्यारेषा काढायची आहे.