सागवानी ट्रे: चपड्याचे दोन हात, वार्निशचे तीन

ट्रे 40 × 28 सेंमी, सगळा सागवानी. त्यावर चहा-पाणी सांडणारच. नुसत्या चपड्यावर, म्हणजे लाखेच्या पॉलिशवर, गरम कप ठेवला की पांढरं वर्तुळ उठतं, म्हणून वर तेलातलं, हार्डनर न लागणारं पीयू (पॉलीयुरेथेन) वार्निश.

दिवस 1
पॉलिश पेपर 120, 180, 220, रेषेच्या दिशेने. धूळ झटकून थिनरच्या फडक्याने पुसणं. साग तेलकट, त्यावर थेट वार्निश मारलं तर सागातली द्रव्यं त्याचं सुकणं रोखतात आणि ते दिवसेंदिवस चिकट राहतं. मध्ये चपडा हवाच.

100 मिली स्पिरिटला 12 ग्रॅम चपडा, काचेच्या बरणीत, रात्रभर. साध्या चपड्यात मेण असतं आणि मेणावर पीयू धरत नाही, पुढे पापुद्रे सुटतात. बरणी न हलवता मेण खाली बसू द्यायचं, वरचं नितळ तेवढंच घ्यायचं. मेण काढलेला चपडा मिळाला तर उत्तमच.

दिवस 2
चपड्याचे दोन पातळ हात, तासाभराच्या अंतराने. हवा दमट, त्यामुळे एका कडेला पांढुरकी झाक आली: स्पिरिट उडताना पृष्ठभाग गार होतो आणि त्यावर बाष्प धरतं. कोरड्या दुपारी स्पिरिटने जेमतेम ओलसर केलेलं फडकं हलकेच फिरवल्यावर झाक गेली.

दिवस 3
320 च्या पेपरने हलकं घासणं. कोपऱ्यांवर जोर नको, तिथे चपडा लगेच निघून साग उघडा पडतो. मग ग्लॉस वार्निश 2 भाग, टर्पेंटाइन 1 भाग.

दिवस 5
24 तासांनी घासून पाहिलं तर पेपरवर गोळ्या जमल्या, म्हणजे थर कच्चा. आणखी 12 तासांनी पांढरी भुकटी पडली, तेव्हाच दुसरा हात, पातळ न करता. डबा हलवायचा नाही, बुडबुडे ब्रशमधून थेट लाकडावर येतात.

दिवस 7
शेवटचा हात मॅटचा, आणि मॅट फक्त याच हाताला. त्यातली चमक मारणारी पूड तळाशी बसते, म्हणून काडीने तळापासून ढवळायचं. मॅटचेच तीन हात चढवले की सागाच्या रेषा धुरकटतात.

वार्निशची फडकी चुरगळून टाकू नयेत, आपोआप तापून पेट घेऊ शकतात. उघड्यावर पसरून वाळवावीत. ट्रे हाताला दोन दिवसांत कोरडा लागेल, पण गरम कप तीन-चार आठवड्यांनंतरच.