खिंडसीला पॅडल बोट घेण्याआधी वारा बघा

आमचे जिजाजी गुहागरचे. दाभोळ-धोपावे फेरीबोटीत गाडी चढवून, पलीकडचा धक्का येईपर्यंत निवांत डुलकी काढणारा माणूस. ताई दर डिसेंबरात माहेरी आली की त्यांचा नागपूरला एकच प्रश्न असतो, "तुमच्याकडे पाणी कुठाय?" यंदा म्हटलं, चला, दाखवतोच.

शहरातल्या तलावांचं आधी सांगून टाकतो. संध्याकाळी फुटाळ्याला गेलो. काठावर बसून भुट्टा खायला आणि मावळतीचं पाणी बघायला फुटाळ्यासारखी जागा नाही, पण ते काठावरचं सुख. अंबाझरी मोठा, नाग नदीवरचा. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे हाच ओसंडला आणि खालच्या वस्त्यांमधून पाणी फिरलं, हे जिजाजींना सांगितल्यावर ते पहिल्यांदा जरा गप्प झाले. बोटीचं म्हणाल तर शहरात कधी चालू, कधी महिनोन्‌महिने बंद. बाहेरगावच्या पाहुण्यांचा दिवस त्यावर बेतू नका. पाण्यावर जायचं तर सरळ रामटेक गाठा.

रामटेक नागपूरहून साधारण पन्नास किलोमीटर. जबलपूर रोडने कामठी, कन्हान, मनसर, आणि मनसरला उजवीकडे वळायचं. इतवारीहून रामटेकला रेल्वेही जाते, एसटीही आहे. पण खिंडसी तलाव रामटेक गावाच्या पलीकडे काही किलोमीटरवर आहे, तेव्हा स्टेशनवरून ऑटो करावा लागेल आणि परतीचं भाडं जातानाच ठरवावं लागेल. गाडी असेल तर हा प्रश्नच नाही.

आम्ही तर्री पोहे खाऊन निघालो आणि आधी गडावर गेलो. इथे एक चूक केली: ताईच्या हातात फुटाण्यांची पिशवी होती. गडावरच्या काळतोंड्या वानरांनी ती कधी नेली ते कळलंही नाही. खाण्याचं सगळं गाडीत ठेवा. मंदिरं बघायला दोन तास सहज जातात. वाकाटककालीन नरसिंहाची मंदिरं चुकवू नका, लोक घाईघाईत रामाचं दर्शन घेऊन उतरतात. वरून खाली अंबाळा तलाव दिसतो, भोवती देवळं. जिजाजी म्हणाले, "हाच का तुमचा तलाव?" म्हटलं, "जरा धीर धरा."

खिंडसी हे मातीचं धरण, सूर नदीवरचं, १९१३ चं. इंग्रजांच्या काळात शेतीच्या पाण्यासाठी बांधलेलं. रस्त्याने येताना टेकड्यांमुळे काही दिसत नाही, आणि मग एकदम समोर पाणीच पाणी. जिजाजी गाडीतून उतरले, कमरेवर हात ठेवून उभे राहिले आणि म्हणाले, "बरंय." कोकणी माणसाच्या तोंडून एवढं निघालं म्हणजे खूप झालं.

मग मी मूर्खपणा केला. मोटरबोटीला रांग होती, म्हणून म्हटलं पॅडल बोट घेऊ. दोघंच, मी आणि जिजाजी. ताई काठावर शिंगाडे सोलत बसली. (डिसेंबरात उकडलेले शिंगाडे मिळाले तर घ्याच. साल काळी पडलेली असते, आत पांढरा गर. नखाने सोलायला गेलात तर नख काळं होतं, दाताने फोडा.)

पॅडल बोट म्हणजे दोन सिटा, मध्ये सुकाणूचा दांडा आणि पायाखाली सायकलसारखी पायंडलं. गुडघे जरा लांब असतील तर समोर आपटतात. माझे आपटले. पण सुरुवातीला काय मजा! दोन मिनिटांत काठ मागे पडला, लोकांचा गोंगाट थांबला, फक्त पायंडलांची खटरखटर आणि बोटीच्या पोटावर पाण्याची थापटी. एक खंड्या बाजूने सुईसारखा गेला. सुकलेल्या खोडावर पाणकावळे पंख पसरून वाळत बसले होते. काठावरून जे पाणी नुसतं निळं पत्र्यासारखं दिसतं, ते आत गेल्यावर हिरवं, मग काळसर, मग टेकडीची सावली पडली तिथे अगदी शाईसारखं होतं. जिजाजी म्हणाले, "फेरीबोटीतून हे दिसत नाही रे. इंजिनच फार बोंबलतं." मी मनात म्हटलं, जिंकलो.

आणि वळलो. वळल्यावर लक्षात आलं की इतका वेळ वारा आमच्या पाठीशी होता. आम्हाला वाटत होतं पाय चालताहेत, चालत होता वारा. आता तो तोंडावर. दहा पावलं पुढे, सहा मागे. पॅडल बोट पाण्यावर उंच तरंगते आणि खाली खोल काही नसतं, त्यामुळे वारा तिला पानासारखी ढकलतो. दांडा एका बाजूला ओढला की नाक फिरतं, बोट मात्र आडवीच सरकते. पंधरा मिनिटांत आमच्या पोटऱ्या दगड झाल्या. जिजाजी उभं राहून काठावर हात हलवायला निघाले, तेवढ्यात मोटरबोटवाला आला आणि लांबूनच ओरडला, "भाऊ, उभे नका राहू! मधात बसा, मधात!" त्याने दोर टाकला, आम्ही पुढच्या कडीला बांधला, आणि गुहागरचे जिजाजी नागपूरच्या तलावातून दोराने ओढून काठाला लागले. ताईने मोबाईलवर सगळं टिपलं आहे.

दोर सोडताना तो मोटरबोटवाला म्हणाला, "पयले वाऱ्याच्या तोंडावर जायाचं, मग येताना बसल्या बसल्या येता." इतकं साधं. काठावर झेंडा, झाडाची फांदी, नाहीतर पाण्यावरच्या लहरी बघा, कुठून येताहेत. त्या बाजूला निघा. अर्धी वेळ झाली की वळा, दमल्यावर नाही.

लाइफ जॅकेटबद्दल. अंगात घातलं म्हणजे झालं असं नाही. कुणाला तरी खांद्यांवरून वर ओढायला सांगा. कानापर्यंत सरकलं तर सैल आहे, पट्टे आवळा. लहान मुलांना मोठ्यांचं जॅकेट घालू नका, त्यांच्या मापाचं मागा, नसेल तर बोट सोडून द्या. आणि बोटवाल्याशिवाय, जॅकेटशिवाय, ओळखीच्या कोळ्याच्या होडीत फोटो काढायला जायचा मोह टाळा. २०१७ च्या जुलैत वेणा धरणात होडी उलटून नागपूरची तरुण पोरं बुडाली, ते इथे अजून कुणी विसरलेलं नाही. जिजाजी उभे राहिले तेव्हा मला तेच आठवलं.

तिकीट काढताना दर विचारताच, फेरी किती मिनिटांची आणि शेवटची फेरी कधी तेही विचारा. हिवाळ्यात पावणेसहाच्या सुमारास सूर्य मावळतो, आम्ही साडेचारला मोटरबोट घेतली ती अगदी नेमकी. चौघं बसतील तिथे पुढची जागा मिळाली तर वारा खूप लागतो, स्वेटर हवाच. सूर्य रामटेकच्या बाजूला उतरतो, त्यामुळे टेकड्या काळ्या आणि पाणी तांबूस. टेकड्यांचा उजेडातला फोटो हवा असेल तर सकाळी या. स्पीडबोट आम्ही घेतली नाही. तोंडावर पाणी उडवून घ्यायला पैसे कशाला?

पावसाळा संपल्यावर ऑक्टोबरपासून फेब्रुवारीपर्यंत यावं, तलाव भरलेला असतो. मे महिन्यात दुपारी इथे येणाऱ्याला माझा फक्त नमस्कार.

ज्यांना गर्दी नको त्यांच्यासाठी कोलितमारा आहे, पारशिवनीकडून, पेंचच्या जंगलात. वनखात्याची बोट असते, दोन्ही बाजूंना जंगल, मध्ये पाणी. जाण्याआधी चौकशी करा, पावसाळ्यात बंद असतं. तिथे आम्ही परवा जाणार आहोत. काल रात्री ताई दोघांच्या पोटऱ्यांना तेल चोळत होती, तेव्हा जिजाजींनी एवढंच विचारलं, "तिथे पाय मारावे लागत नाहीत ना?"